अर्जनवीस काकूंचं पुस्तक

समोरचं माणूस बोलत असताना अर्जनवीस काकू कधीच लिहीत नसत. पेनाला टोपण घातलेलं असे, चष्मा काढून मांडीवर ठेवलेला असे आणि दोन्ही हात पदराखाली. आलेल्या बाईचं सगळं सांगून झालं की काकू म्हणत, "आता परत सांग." दुसऱ्यांदा सांगताना तिचं रडणं निम्म्यावर येई. मग काकू तिसऱ्यांदा सांगायला लावत. तिसऱ्या खेपेला बाई चिडलेली असे, आणि चिडलं की माणसाला तारीख, वार, कोण कुठं उभं होतं ते सगळं बरोबर आठवतं, असं काकूंचं म्हणणं होतं. त्यानंतर चष्मा डोळ्यांवर चढे. लिहायला मग त्यांना दहा मिनिटंसुद्धा लागत नसत.

केजच्या तहसीलसमोर लिंबाच्या झाडाखाली त्यांची पत्र्याची टपरी होती. आत एक लाकडी बाकडं, एक उतरती पेटी जिच्यावर कागद ठेवून लिहायचं, आणि मागे एक लोखंडी ट्रंक. बाहेरच्या पाटीवर त्यांच्या यजमानांचं नाव आणि खाली 'अर्जनवीस' असं लिहिलेलं. हा शब्द निजामाच्या राज्यातला. पैसे घेऊन लोकांचे अर्ज लिहून देणारा तो अर्जनवीस. खरे अर्जनवीस त्यांचे यजमान, आप्पा. त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात लुळा पडला, तेव्हा ते सांगत आणि काकू लिहीत. लोक आप्पांशी बोलत, काकूंकडे बघतही नसत. चार वर्षांनी आप्पा गेले. आता काकू इथं बांगड्यांचं दुकान टाकतील असं सगळ्यांना वाटलं. काकूंनी दिवस सरल्यावर पाटी पुसली, ओल्या फडक्याने बाकडं पुसलं आणि कपाळाला विभूती लावून पेटीमागे जाऊन बसल्या. महिनाभर कुणी आलं नाही. मग एक बाई आली, कारण तिला जे सांगायचं होतं ते पुरुषाला सांगण्यासारखं नव्हतं. तिच्यामागून दुसरी आली. मी त्यांना बघितलं तेव्हा पुरुषही निमूट रांगेत बसत होते.

अर्ज नेहमी आखूड. एकदा एका माणसाने तक्रार केली की काकूंनी सगळं दीड पानात आटोपलं, शेजारचा अर्जनवीस चार पानं लिहून देतो. काकू म्हणाल्या, "मग त्याच्याकडं जा. लांब कागद साहेब बाजूला ठिवतो. आखूड कागद हातात धरला की वाचूनच हुतो, त्याला सुदा कळत न्हाई." तो माणूस गेला आणि तासाभराने परत आला.

त्यांचे दोन नियम होते. सांगितलंय तेवढंच लिहायचं आणि लिहिलंय तेवढंच वाचायचं. त्या काळात गावोगावची निम्मी माणसं आलेला कागद वाचून घ्यायलाही त्यांच्याकडेच येत. कोर्टाची नोटीस असो की मुलाचं लष्करातून आलेलं पत्र, काकू एकाच आवाजात वाचत. सल्ला देत नसत. आणि कुणाच्या कागदात काय होतं ते दुसऱ्या कुणाला सांगितल्याचं मी कधी ऐकलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्या लोखंडी ट्रंकेतल्या पुस्तकाबद्दल.

खणाच्या तुकड्यात गुंडाळलेलं ते पुस्तक फार जुनं दिसे. पहिली पानं गेलेली, त्यामुळे त्याचं नाव काय, कुणी लिहिलं, कुठं छापलं, काहीच कळत नव्हतं. आत होते पत्रांचे आणि अर्जांचे नमुने, आणि ते सगळे बायकांनी लिहायचे. माहेरी खुशाली कळवण्याचं पत्र. सासऱ्यांना, आपल्याला उपाशी ठेवलं जातं हे नम्रपणे कळवण्याचं पत्र. विधवेने वाटा मागण्याचा अर्ज. शाळा काढावी म्हणून सरकारला विनंती. भाषा जुनी, प्रत्येक वाक्यात तीनदा विनंती. लिहिणारी कोणी बाईच असावी असं काकूंना वाटे, कारण एका नमुन्यात मुलीने आईला लिहिलं होतं की इथल्या विहिरीचा रहाट फार जड आहे. "बाप्याला हे सुचतंय व्हय," काकू म्हणत.

पण पुस्तकातल्या छापील मजकुरापेक्षा समासात जास्त काही होतं. ज्या बाईने जो नमुना वापरला तिने त्याच्या बाजूला पुढे काय झालं ते लिहून ठेवलं होतं. कुठे मोडीत, कुठे उर्दूत, कुठे पेन्सिलीने अडखळत काढलेल्या बाळबोध अक्षरात.

पहिली अक्षरं मोडीतली. ती नागरबाईंची. नागरबाई अंबाजोगाईकडच्या घाटनांदूरच्या, तेराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आलेल्या. भावाची पाटी चोरून त्या अक्षरं शिकल्या, आणि एका यात्रेत पोथ्या विकणाऱ्याच्या पथारीवर त्यांना हे पुस्तक मिळालं. सासरच्या विहिरीवर पाणी भरायचा आणि तिथल्या एका खोलीत राहायचा हक्क त्यांना हवा होता. विधवेच्या अर्जाच्या नमुन्याशेजारी त्यांनी लिहिलंय, 'लिहिले. उत्तर नाही.' त्याखाली, 'पुन्हा लिहिले. उत्तर नाही.' तिसरी ओळही तीच. चौथ्या ओळीत लिहिलंय, 'हलीमाबीने उर्दूत करून दिले. जवाब आला.'

हलीमाबी म्हणजे गावच्या उर्दू शाळेतल्या मुन्शीजींची बायको. सरकारी दफ्तराची भाषा तेव्हा उर्दू होती, हे नागरबाईंच्या पुस्तकाला माहीत नव्हतं. हलीमाबींना माहीत होतं. त्या दिवसापासून दोघी मिळून लिहू लागल्या. नागरबाई ऐकून मराठीत मांडत, हलीमाबी त्याची उर्दू दरखास्त, म्हणजे अर्ज, करत. गावातल्या बायका दुपारी मागच्या दाराने येत. पुस्तकाच्या समासात मोडीच्या खाली उर्दू येऊ लागली ती तेव्हापासून.

मग निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनचे दिवस आले. गावात भीती भरली आणि मुन्शीजींनी बिऱ्हाड नातेवाइकांकडे हलवायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी हलीमाबी भेटायला आल्या. नागरबाईंनी पुस्तक काढलं, कात्रीने मधली शिवण उसवली आणि अर्धं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. "तिकडंबी बाया असतीलच की," एवढंच त्या म्हणाल्या. दोन वर्षांनी हलीमाबी परत आल्या. अर्धं पुस्तक दुपट्ट्यात बांधून त्यांनी जपून आणलं होतं, आणि त्याच्या समासात अनोळखी गावांतल्या बायकांच्या ओळी होत्या. दोघींनी ओट्यावर बसून ते पुन्हा शिवलं. एकीने घरातला तांबडा दोरा आणला होता, दुसरीने हिरवा. कुणाचा वापरायचा यावर बोलणं झालं आणि शेवटी दोन्ही एकत्र पिळून वापरले. ती शिवण मी बोटांनी चाचपून बघितली आहे. अजून घट्ट आहे.

काकूंना हे सगळं ठाऊक होतं कारण त्या त्याच गल्लीतल्या. नागरबाईंची नजर गेल्यावर पुस्तकातलं वाचून दाखवायला त्या सात-आठ वर्षांच्या काकूंना बोलावत. काकू चौदा वर्षांच्या झाल्या आणि केजच्या अर्जनवीसाच्या घरातलं स्थळ आलं. काकूंना शाळा सोडायची नव्हती. लग्नाच्या वेळी नागरबाईंनी साड्यांच्या घडीखाली हे पुस्तक ठेवलं आणि म्हणाल्या, "मला आता दिसत न्हाई. तुला दिसतंय."

आता माझं.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते, केजला मावशीकडे राहून दहावीत शिकत होते. आईवडील गावाकडे, नांदूरघाटच्या पुढे, कोरडवाहू शेतात. गणपती झाल्यावर दादा, म्हणजे माझे वडील, आले आणि मावशीला सांगून गेले की माझं ठरवलंय. मुलाकडचे दरसाल उसाच्या फडावर जाणारे. तोडणीला नवराबायकोची जोडी लागते, तिला कोयता म्हणतात. एकट्या पोराला कुणी कामाला घेत नाही. दसरा झाला की टोळ्या निघणार, म्हणून लग्न त्याच्या आत. मला कुणी विचारलं नव्हतं. दादा वाईट माणूस नव्हते. त्यांच्या बहिणींचं असंच झालं होतं, आईचं असंच झालं होतं, वेगळं काही करायचं असतं हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

मी याआधी एकदाच काकूंकडे गेले होते, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. त्या दिवशी शाळा सुटल्यावर गेले आणि बाकड्यावर बसून रडायला लागले. काकूंनी चष्मा काढला.

"कावून रडायलीस ते सांग."

मी सांगितलं. परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना मी खरंच चिडले होते. मग त्यांनी ट्रंक उघडून पुस्तक काढलं आणि एक पान माझ्यापुढे धरलं. 'कन्येने तीर्थरूपांस विवाह लांबणीवर टाकण्याविषयी करावयाची विनंती.' मला इतका आनंद झाला की मी लगेच वही उघडून ते उतरवायला घेतलं. काकूंनी माझ्या वहीवर हात ठेवला.

"आधी कडंचं वाच."

समासात चार ओळी होत्या. पहिली उर्दू, काकूंनी अर्थ सांगितला. हलीमाबींनी धाकट्या बहिणीसाठी लिहिलं होतं, पण पाठवायचं धाडस झालं नाही. दुसरी पेन्सिलीने, 'धाडले. लग्न झाले.' तिसरी कुणा अनोळखी बाईची, तीही तशीच. चौथी शाईने, वळणदार अक्षरात, 'वडिलांनी फाडले.'

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"माझं," काकू म्हणाल्या. "ह्या नमुन्याला अजून यश न्हाई."

"मग मी कशाला लिहू?"

काकूंनी आपल्या ओळीवर बोट ठेवलं. "मी तवा पुस्तकातलं हाय तसं उतरलं हुतं. साष्टांग नमस्कार, कृपा असावी, चरणरज. माझ्या वडिलांना वाटलं असंल, हिला कुणीतरी शिकवून लिवून घेतलंय. तू ह्यातलं एक अक्षर घिऊ नको. तुझ्या बापाला जे तूच सांगू शकतीस, दुसरं कुणी न्हाई, ते लिव. मी लिवनार न्हाई. तूच लिव."

मी तिथंच बसून लिहिलं. चार वेळा फाडलं. शेवटी जे राहिलं ते अर्धं पान होतं. त्यात मी लिहिलं की मला दहावी होऊ द्या. आणि लिहिलं की माझ्या आधीचं बाळ फडावरच्या पाचटाच्या कोपीत गेलं, तेव्हा आई किती वर्षांची होती ते एकदा आठवून बघा. आमच्या घरात त्या बाळाबद्दल कुणी बोलत नसे. मला ते आजीकडून कळलेलं होतं.

काकूंनी वाचलं. एक शुद्धलेखनाची चूक दाखवायला बोट ठेवलं आणि परत काढून घेतलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. मी पत्र टपालात टाकलं.

पुढचे दोन आठवडे मी काय जेवले, शाळेत काय शिकवलं, मला आठवत नाही. दादांना वाचता येत नव्हतं, आईलाही नव्हतं. गावात कुणाकडून वाचून घेतलं तर संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा होणार, हे मला पत्र टाकल्यावर सुचलं. मावशीने साडी आणून ठेवली होती.

सोळाव्या दिवशी माझ्या नावाने निळं आंतरदेशीय पत्र आलं. उघडलं आणि पहिल्यांदा मजकूर दिसलाच नाही, अक्षर दिसलं. ते काकूंचं अक्षर होतं. म्हणजे दादा बाजाराच्या दिवशी केजला आले होते, गावातल्या कुणाला कळू नये म्हणून पत्र घेऊन तहसीलसमोर गेले होते, आणि काकूंनी त्यांना माझं पत्र वाचून दाखवलं होतं. मी त्यांच्या टपरीपासून दोन गल्ल्या पलीकडे भूमितीच्या तासाला बसलेली असताना.

ते पत्र माझ्याकडे आहे. काकूंनी आपल्या नियमाप्रमाणे दादा बोलले तसंच लिहिलंय.

'मंदा, तुझं पत्र भेटलं. दोनदा वाचून घेतलं. धावी झाल्यावर काय हुतं ते मला ठाव न्हाई. पन तू आठवाया सांगितलंस ते मी आठवलं. तुझी आई सोळा वर्साची हुती. पावन्याला नको म्हनून निरोप धाडला. ते लई रागावलेत. माझ्या भावानंबी बोलनं सोडलंय. तू अब्यास कर. मला वाचता येत न्हाई म्हनून तुझं लिवलेलं मला कळनार न्हाई असं समजू नको. तुझ्या आईला ह्यातलं काय सांगितलं न्हाई, तूबी सांगू नको.'

खाली दादांचा अंगठा.

मी पळत काकूंकडे गेले. त्या कुणाचा तरी सातबारा वाचून दाखवत होत्या. तो माणूस जाईपर्यंत मला उभं राहावं लागलं. मग मी विचारलं, "दादा काय म्हणाले? रडले का? रागावले का?"

"मी कुणाचं काय वाचलं ते सांगत न्हाई," काकू म्हणाल्या. त्यांनी पुस्तक काढलं, तेच पान उघडलं आणि पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. चार ओळींच्या खाली मी लिहिलं, 'लग्न थांबले.' शाई वाळली की नाही बघायला काकूंनी बोट लावलं, पण ती वाळली नव्हती, त्यांचंच बोट निळं झालं.

त्या दिवशी टपरीत काय झालं ते दादांनी मला सांगितलं ते बारा-तेरा वर्षांनी. मी अंबाजोगाईला डी. एड. करून नोकरीला लागले होते, आई आजारी होती आणि आम्ही दोघं दवाखान्याच्या ओट्यावर बसलो होतो. ते म्हणाले, "तुझं पत्र वाचून घेतलं, तवा त्या बाईला म्हनलं, तुमाला काय वाटतंय. ती म्हनली, पत्र वाचून घ्यायला आलाव का माझं मत घ्यायला. आन मग चहा करते म्हनून मागं गेली ती लई वेळ आलीच न्हाई. मी कागद धरून बसलो. वाचता तर येईना. नुसतं तुझं अक्षर बगत बसलतो. तू आडवी रेघ किती सरळ वडतीस." ते एवढंच बोलले. काकूंनी एवढा वेळ चहा कधीच केला नसेल. टपरीमागे ना खोली होती ना चूल. त्या मागच्या बाजूला उन्हात उभ्या राहिल्या असणार.

नोकरीमुळे मी आमच्याच भागात, नांदूरघाटच्या अलीकडच्या एका लहान गावात आले. शाळा सातवीपर्यंत. महिन्यातून एकदा तरी केजला जाऊन काकूंना भेटायचे. त्या आता घरीच असत. टपरी रस्ता रुंदीकरणात गेली होती, पण बायका घरी येत. मोबाईल आले, अर्ज संगणकावर करायचे झाले. काकू म्हणत, "यंत्रावर करा की. पन काय लिवायचं ते यंत्राला कुठं ठाव हाय."

मी कुणाजवळ तरी बोललेलं ऐकून एकदा विद्यापीठातल्या एक बाई ते पुस्तक बघायला आल्या. चांगल्या होत्या. हातमोजे घालून त्यांनी एकेक पान उलटलं. आमच्या ग्रंथालयात शोधलं, बाहेरही विचारलं, या पुस्तकाची दुसरी प्रत कुठे सापडली नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यांना ते संग्रहासाठी हवं होतं. काचेच्या कपाटात, थंड खोलीत, शंभर वर्षं काही होणार नाही म्हणाल्या.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "तुमी म्हनताव ते खरं हाय. नीट ऱ्हाईल. पन तिथवर आमच्या बाया येनार कशा? आन आल्या तर तिथं त्यांना बस म्हननार कोन?" मग त्यांनीच मार्ग काढला. पानन् पान फोटो काढून न्या, पुस्तक इथं राहू द्या. त्या बाई दोन दिवस राहिल्या, काकूंच्या हातचं जेवल्या. उर्दू ओळी वाचून घ्यायला त्यांनी औरंगाबादहून एक मुलगी आणली होती. हलीमाबींची एक ओळ त्या मुलीने मोठ्याने वाचली, आणि काकू, ज्यांना ती लहानपणापासून तोंडपाठ होती, त्या तिच्याबरोबर पुटपुटत राहिल्या.

काकूंचं शेवटचं काम माझ्या शाळेतल्या मुलींचं.

आमच्या गावात सातवीनंतर शाळा नाही. पुढचं शिकायला नांदूरघाटला जावं लागतं, आणि शाळेच्या वेळेला बस नव्हती. जीप होत्या, पण त्यात माणसं मागे लोंबकळून जात. मुलगे सायकलवर जात. मुलींना घरी बसवत, आणि घरी बसलेल्या मुलीच्या लग्नाचं वर्षभरात कुठंतरी बोलणं सुरू होई. गेल्या वर्षीच्या सातवीत कोमल नावाची मुलगी होती. गणित तिला असं यायचं की मलाच तयारी करून जावं लागे. तिची आई सुमनबाई रोजाने खुरपायला जायची. एक दिवस ती शाळेत येऊन म्हणाली, "बाई, हिला पाव्हनं बगायला येनार हायत. मला नको वाटतंय. पन धाडू कशानं तिला?"

मी काकूंकडे गेले. त्या अंथरुणाला टेकूनच असत, हात कापत होता. पुस्तक काढून आम्ही सगळे नमुने बघितले. शाळा काढावी म्हणून विनंती होती, बसची नव्हती.

"पुस्तक लिवलं तवा बस कुठं हुती," काकू म्हणाल्या. "आपून करू नमुना. पन तुझं नाव नको त्यात. मास्तरनीचा अर्ज म्हनतील आन ठिवून देतील. आयांना आन."

पुढच्या रविवारी सहा आया जीपने केजला आल्या. काकूंच्या पलंगाभोवती खाली बसल्या. सगळ्या एकदम बोलायला लागल्या, शिक्षण, मुलींचं भविष्य, कुठंतरी ऐकलेलं. काकूंनी थांबवलं. "ते साहेबाला ठाव हाय. शाळंला जायचं तर तुमची पोरगी किती वाजता निगंल, कुटं उभी ऱ्हाईल, अंधार किती वाजता पडतो, ते सांगा." आणि मग ते एकेकीने सांगितलं. मी लिहून घेतलं. पाऊण पान झालं. सुमनबाईने अंगठा न देता सही केली. कोमलने तिला आदल्या आठवड्यात शिकवली होती.

पहिल्या अर्जाला उत्तर आलं नाही. दुसऱ्यालाही नाही. सुमनबाई मला म्हणाली, "आता बास करू का?" मी तिला नागरबाईंच्या चार ओळींची गोष्ट सांगितली. तिसरा गेला. तिसऱ्यानंतर एक अधिकारी जीप घेऊन रस्ता बघायला आले. भले गृहस्थ होते. सगळं बघून म्हणाले, रस्ता ठीक आहे, पण गावात बस वळवायला जागा नाही. ओढ्याकाठचा खड्डा भरला तर बघता येईल. ते गेले आणि त्याच्या पुढच्या रविवारपासून बायका पाट्या घेऊन कामाला लागल्या. चार रविवार मुरूम टाकला. दुसऱ्या रविवारी दोन ट्रॅक्टर आपणहून आले. चौथ्या रविवारी कोमलला बघायला येणारे पाहुणे आले, तेव्हा सुमनबाई डोक्यावर पाटी घेऊन खड्ड्यात उभी होती. तिने तिथूनच सांगितलं, "पोरगी शिकायली. दोन-चार वर्सांनी या." त्या वेळी बसचा पत्ताही नव्हता.

काकूंना हे मी जाऊन सांगितलं तेव्हा त्या इतकं हसल्या की खोकला आला. मग म्हणाल्या, मागे कोरी पानं शिवून दे. मी वहीची पानं पुस्तकाच्या शेवटी शिवून दिली आणि त्यांनी कापऱ्या हाताने बसचा अर्ज त्यात उतरवला. तीन दिवस लागले. वर मथळा दिला, 'आयांनी मुलींसाठी बस मागण्याचा अर्ज.'

वैशाखात त्या गेल्या. सकाळी चहा घेऊन झोपल्या त्या उठल्या नाहीत. त्या लिंगायत, त्यांच्यात दहन करत नाहीत, बसवून समाधी देतात. लातूरहून मुलगा यायला दुपार झाली, तोपर्यंत अंगण बायकांनी भरून गेलं होतं. त्यातल्या बहुतेक मला माहीत नव्हत्या. एक म्हातारी माझ्या शेजारी बसली होती, तिने आपणहून सांगितलं की तिच्या नवऱ्याच्या पेन्शनीचा कागद काकूंनी लिहिला होता. दुसरी म्हणाली, माझं तर लग्न वाचवलं. कुणी एक म्हणाली, माझं मोडून दिलं, बरं झालं. मग हळूहळू सगळ्या आपापल्या कागदाबद्दल बोलायला लागल्या. इतकी वर्षं काकूंनी कुणाचं कुणाला सांगितलं नव्हतं, ते त्या दिवशी ज्यांचं त्यांनीच सांगितलं. मी रडत होते आणि ऐकत होते.

दिवस झाल्यावर मुलाने मला खणात गुंडाळलेलं पुस्तक आणून दिलं. "आईनं तुमचं नाव घेतलंतं," तो म्हणाला. "त्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवायचं, आम्हाला विचारायचं नाही, असंही म्हणाली होती." ते आता शाळेच्या कपाटात असतं. शनिवारी दुपारी मी बसते, आणि बायका येतात.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या दिवशी बस आली. नऊ वाजायला दहा मिनिटं असताना ती ओढ्याकाठी वळली, थोडी मागेपुढे झाली, पण वळली. चालकाला कुणीतरी नारळ दिला. नऊ मुली चढल्या. कोमल शेवटून दुसरी. खिडकीजवळ बसली आणि दप्तर मांडीवर घेऊन सरळ पुढे बघत राहिली, जणू रोजचंच आहे. सुमनबाई कामावर जायच्या वाटेवर थांबली होती, हातात खुरपं. बस निघून गेली, धूळ खाली बसली, तरी ती रस्त्याकडे बघत उभी होती.

"संध्याकाळी किती वाजता येती म्हनले?" तिने विचारलं.

"साडेपाचला."

तिने मनातल्या मनात काहीतरी जुळवलं. "मग भाकरी तवाच टाकते. गरम खाईल," म्हणाली, आणि शेताकडे निघाली.